म्हशीच्या गोठ्यात लाल मोटार

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी चौथीनंतर माझी गाठच पडलेली नाही. तेव्हा वाचणाऱ्यानं (कोणी वाचणार नाही म्हणा, पेटीत साड्यांखाली ठेवायचं आहे) माफ करावं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशात भाकरीचा तुकडा अडकतो. कागदापुढं तसं होत नाही. कागद काही आपल्या तोंडाकडं बघत बसत नाही.

तर, आमच्या गोठ्यात म्हैस यायची होती. तिच्या जागी मोटार आली. तीही मागच्या बाजूनं.

म्हशीचं असं झालं की आमच्या बायकांच्या बचत गटातून मला म्हशीसाठी कर्ज मिळालं. गटाच्या अध्यक्ष गोदाकाकू. त्यांचा आवाज असा की बैठक आमच्या आळीत भरली तरी तेलगावात कळावं! गटाचा नियम कडक. एकीनं पैसे बुडवले की बाकी सगळ्यांचं पुढचं कर्ज अडतं. म्हणजे कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या शेळ्या, कुणाची पिठाची गिरणी, सगळं माझ्या म्हशीच्या मागं रांगेत उभं होतं. मी गोठा सारवून घेतला, खुंटा ठोकला, कडबा रचला, ढेपेचं पोतंसुद्धा आणून ठेवलं. म्हैस तेवढी बाकी होती.

आमचे मालक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात. एका बागाईतदाराकडं त्यांची बरीच वर्षांची मजुरी थकली होती. शेवटी त्या भल्या माणसानं पैशाऐवजी शेडातली जुनी मोटार दिली. दोनच माणसं बसायची, टप नाही, रंग कधीकाळी लाल. नाक इतकं लांब की वळणावर आधी नाक दिसावं आणि चहा पिऊन होईपर्यंत मागून गाडी यावी! तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

मालक लहानपणी या गाडीच्या मागं धुरळ्यात पळाले होते. कोणी एकदासुद्धा त्यांना आत बसवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी शर्टाच्या बाहीनं तिचा आरसा पुसला. माझ्या चेहऱ्याकडं त्यांनी लग्नातसुद्धा तसं बघितलं नव्हतं.

"अगं, नुसतं इंजिन गेलंय," ते म्हणाले. "नवं टाकलं की गाडी नवरीवाणी व्हती बघ."

"आन पैसे?" हे मी मनात म्हणाले. तोंडानं म्हणाले, "हं."

"म्हशीचे पैसे घरात नुसते पडून हायत. दोन महिन्यात ठेवतो जागच्या जागी. चालंल न्हवं?"

"हं."

(त्या दोन 'हं'मध्ये माझी म्हैस गेली. बाई मुकी असावी, पण इतकी नसावी.)

परळीला भंगारात एक मालवाहू टेम्पो आला होता. वीज केंद्राची राख वाहणाऱ्या गाडीनं त्याचं तोंड चेपलं होतं, पण आतलं इंजिन नवंकोरं होतं. मालकांनी इंजिन, गिअर आणि मागच्या चाकांचा एक्सल असं सगळंच उचलून आणलं. शेजारच्या दुकानातले शकीलभाई वेल्डिंगला. दोघं लहानपणापासूनचे मित्र. एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय दोघांच्या हातात पाना धरवत नाही.

पहिली अडचण बॉनेटची. ती गाडी बुटकी, टेम्पोचं इंजिन उंच. बॉनेट काही लागेना. दोघं त्यावर चढून बसले, तरी लागेना.

"इंजिन वरून कापू का बे?" शकीलभाई म्हणाले.

"तुजं डोकं काप! इंजिन म्हंजी काय कलिंगड हाय का?"

मी चहा घेऊन दाराशी उभी होते. पदर तोंडापर्यंत. काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "बॉनेटला भोक पाडा आन वरून माजं मोठं पातेलं उपडं घाला."

भिंत बोलली असती तरी ते दोघं एवढे दचकले नसते.

"भाबी बोलल्या बे!" शकीलभाई हळूच म्हणाले.

"ऐकलं मी. पातेलं आण गं!"

माझ्या माहेरचं, पंगतीच्या आमटीचं पितळी पातेलं. भोकावर उपडं घातलं, कडेनं बोल्ट मारले, लाल रंग दिला, आणि गाडीच्या नाकावर असा फुगवटा आला की पुण्याहून आलेला एक पाहुणा म्हणाला, "विदेशातल्या रेसच्या गाड्यांना असंच असतं." त्या दिवशी माझी मान जरा ताठ झाली. इथंच माझं चुकलं. पातेल्यावर थांबायला हवं होतं!

दुसरी अडचण मागच्या एक्सलची. एक्सल म्हणजे दोन चाकांमधला लोखंडी दांडा, मध्ये भोपळ्यासारखा फुगीर. तो टेम्पोचा असल्यामुळं या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर नीट बसेना. बसवला की गाडीचं बूड वर आणि नाक खाली. नमाज पढायला बसल्यासारखी दिसायची, असं शकीलभाईच म्हणाले. चार दिवस दोघं घामाघूम. आणि चार दिवस मी चहा देत विचार करत होते. डब्याचं झाकण सरळ बसलं नाही तर आपण काय करतो? फिरवून बघतो.

"आवं," मी म्हणाले, "सरळ बसत नसंल तर उलटा करून बसवा की."

या वेळी ते दचकले नाहीत. पातेल्यानं माझी पत वाढवली होती! दोघांनी माझ्याकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं आणि भोपळा खालचा वर करून टाकला. आणि काय सांगू, याच गाडीसाठी घडवल्यासारखा बसला. बूड खाली आलं, गाडी सपाट झाली.

"लई डोकं हाय भाबीला!" शकीलभाई म्हणाले. "तू कावून दुकानात बसतूस बे? भाबीला बसव."

मालकांनी सगळं वेल्डिंगनं पक्कं करून घेतलं. पुन्हा निघायचा प्रश्नच नको म्हणून!

गाडी सुरू करायचा दिवस ठरला. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, आधीच जाहीर केलं होतं की पहिल्यांदा मी बसणार आणि कपिलधारला जाऊन दर्शन घेणार. नवं लुगडं नेसून, हातात नारळ धरून त्या सकाळीच गाडीत जाऊन बसल्या. गाडी गोठ्याकडं पाठ करून, तोंड रस्त्याकडं करून उभी होती. मी चाकांखाली लिंबं ठेवली, कुंकू वाहिलं.

तेवढ्यात फाटकातून गोदाकाकू आल्या. मागं सगळा गट.

"काय गं सुलोचना, म्हैस आली म्हणं. दाखव की! व्यायली का?"

माझ्या घशात भाकरीचा तुकडाच काय, अख्खी भाकरी अडकली. मी नुसती गोठ्याकडं बघत राहिले. बायका गोठ्याकडं वळल्या. आत खुंटा, कडबा, ढेपेचं पोतं. म्हैस नाही.

"चरायला सोडली का?"

"हं," मी म्हणाले. (माझा जुना शब्द!)

इकडं मालकांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. पातेलं थरथरलं. शकीलभाईंनी शिट्टी मारली. मालकांनी पहिला गिअर टाकला, छाती फुगवली, रस्त्याकडं बघितलं आणि क्लच सोडला.

गाडी मागं निघाली!

"अबे, रिव्हर्स पडला, रिव्हर्स!" शकीलभाई ओरडले.

मालकांनी घाईनं दुसरा गिअर टाकला. गाडी दुप्पट जोरानं मागं निघाली. बायका डावी-उजवीकडं पळाल्या. गोदाकाकू ढेपेच्या पोत्यावर चढल्या. गाडी सरळ गोठ्यात घुसली, कडब्याच्या गंजीला टेकली आणि म्हशीच्या खुंट्याजवळ येऊन बंद पडली. कडबा आत्याबाईंच्या डोक्यावर कोसळला. थोड्या वेळानं त्यातून नारळ धरलेला हात वर आला.

"आलं का कपिलधार?" आत्याबाईंनी विचारलं.

कोणी हसलं नाही. गोदाकाकू पोत्यावरून खाली उतरल्या. त्यांनी खुंट्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही का तुजी म्हैस?"

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्यामुळं कुणाची मशीन अडणार, कुणाच्या शेळ्या अडणार. उद्यापासून आळीत कोणत्या तोंडानं फिरायचं? मालकसुद्धा कडबा झाडत खाली मान घालून उभे राहिले.

शकीलभाई तेवढ्यात गाडीखाली शिरले होते. आतूनच त्यांचा आवाज आला, "बाबा रे, एक्सल उलटा बसवला की चाकं उलटी फिरत्यात! पुढचे सगळे गिअर मागं नेणार, आन रिव्हर्सचा एकटा तेवढा पुढं."

"मंग सरळ कर की बे!"

"सगळं वेल्डिंग कापावं लागंल. पैसा हाय का?"

पैसा नव्हता. तो सगळा त्या पातेल्याखाली होता.

"आन उलटा करायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?" गोदाकाकूंनी विचारलं.

मालक पातेल्याचे बोल्ट तपासायला लागले. शकीलभाई गाडीखालून बाहेरच येईनात. दोघंही भली माणसं. मग मीच बोट वर केलं, शाळेत करायचे तसं.

गोदाकाकू कमरेवर हात ठेवून बराच वेळ गाडीभोवती फिरल्या. त्यांनी लाल रंगावर बोट फिरवलं, पातेल्यावर टिचकी मारली.

"पुढं किती जोरात जाती?"

"रिव्हर्सच्या गिअरवर?" मालक म्हणाले. "बैलगाडीवाणी. त्याच्यावर एक पाऊल न्हाई."

"मंग झालं तर! पुढच्या महिन्यात माज्या पोराचं लगीन हाय. परण्याला मारुतीच्या देवळापत्तूर गाडी पायजे. घोडेवाला लई पैसे सांगायलाय. अन नवरदेवाला काय घाई हाय? तो काय पळून जायलाय का कुटं? भाडं तुज्या हप्त्यात धरू. न्हाई जमलं, तर पातेल्यासगट गाडी भंगारात. कळलं?"

"हं," मी म्हणाले. या वेळी मनापासून.

परण्याचा, म्हणजे नवरदेवाला मिरवत मारुतीला नेण्याचा, दिवस उगवला तेव्हा मी पहाटेपासून देवाला हात जोडून बसले होते. गाडीला झेंडूच्या माळा. नवरदेव फेटा बांधून आत. पुढं हलगीवाले, त्यांच्या पुढं नाचणारी पोरं. मालकांनी रिव्हर्सचा गिअर टाकला आणि गाडी पुढं निघाली. काय निघाली! नेहमीच्या मोटारी मिरवणुकीत आचके देतात, धूर सोडतात, बंद पडतात. आमची गाडी लंगड्या म्हातारीच्या चालीनं एकसारखी. कुणाच्या पायावर जाणार नाही, कुणाला सोडूनही जाणार नाही. पोरांनी एका जागी नाचून घ्यावं, दम खावा, पुन्हा नाचावं, गाडी तरी मागंच. देऊळ जवळ आलं तेव्हा पातेलं चांगलंच तापलं होतं. हलगीवाल्यांना हलगी शेकायला जाळ लागतो. त्यांनी एकेक हलगी पातेल्यावर धरून शेकून घेतली!

"असली सोय कुटंच न्हाई," त्यांचा म्होरक्या म्हणाला आणि पुढच्या लग्नांत स्वतःहून आमची गाडी सांगत सुटला.

फक्त घरी यायचं अवघड झालं. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि मालकांना घरी यायची घाई. पुढं हळू, मागं जोरात! मग काय, त्यांनी मान मागं वळवली आणि सगळा रस्ता गाडी उलटी चालवत आणली. समोरून येणाऱ्यांना गाडी पाठमोरी दिसायची आणि ड्रायव्हर मात्र तोंडासमोर. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर थांबवून हात जोडले. घरी आले तेव्हा मान तिकडंच राहिली होती. आत्याबाई दोन दिवस तेल चोळत होत्या आणि म्हणत होत्या, "बायकोचं ऐकावं रे, पर इतकं न्हाई." त्यानंतर लांबच्या लग्नाला गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून न्यायला लागलो.

लग्नसराईत गाडीला उसंत मिळाली नाही. बागाईतदाराच्या नातवाची वरातसुद्धा त्याच गाडीतून निघाली. त्या दिवशी मालकांनी स्टेअरिंग धरलं होतं आणि मागं मिरवणुकीच्या धुरळ्यात गावची पोरं उड्या मारत येत होती. मालकांनी गाडी थांबवली आणि दोन-दोन पोरांना नवरदेवाच्या मांडीवर बसवून घेतलं. नवरदेव चिडला. मालकांनी ऐकलं नाही. (गाडी थांबली हे कुणाला कळलंही नाही म्हणा. ती चालते तीच तशी.)

परवाच्या बैठकीत मी शेवटचा हप्ता गोदाकाकूंच्या हातात ठेवला. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "सुलोचनाचे समदे पैसे फिटले, व्याजासगट!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला पदर कुठं धरावा कळेना. शिलाई मशीन, शेळ्या, गिरणी, सगळी रांग पुढं सरकली.

"आता बोल," गोदाकाकू म्हणाल्या, "पुना म्हशीला कर्ज घेतीस का? पर घरी आणल्यावर तिचं तोंड कुणीकडं करायचं, ते आमाला इचार!"

सगळ्या इतक्या हसल्या की मीसुद्धा हसले.

गटाचे पैसे असे पूर्ण फिटले. माझं माहेरचं पातेलं तेवढं त्या गाडीकडं येणं आहे. मागायला गेले तर मालक हमखास म्हणतील, "तूच सांग की, कसं काढायचं ते." आणि तसं झालं, तर मी सांगून बसेन! म्हणून आमटी लहान भांड्यात दोनदा करते आणि गप्प बसते.