मिस्त्रींची नळी आणि माझी रेती

गाडीला हात लावण्याआधी मिस्त्री चपला काढायचे. मग बॉनेटला कान टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. आपण तक्रार सांगायला तोंड उघडलं की म्हणायचे, "तू चूप राह्य. तिले बोलू दे."

आमची गाडी जरा जास्तच बोलायची. लढाई संपल्यावर लिलावात निघालेला लष्करी ट्रक, गोंदियातल्या एका राईस मिलनं घेतलेला, आणि ड्रायव्हर मी. सायलेन्सर गंजून कधीच गळून पडला होता. एकदा धान भरायला दवनीवाड्याच्या खळ्याजवळ गेलो, तर धान तुडवणारे बैल दावं तोडून पळाले. एक बैल दुसऱ्या दिवशी सापडला, तोही यायला तयार नव्हता.

तिथल्या पाटलांनी निरोप धाडला, "हा भोंगा पुन्हा आणला तं आमचं धान दुसऱ्या मिलले जाईल."

शेठजींनी मला बोलावलं. "शनिवार तक गाडी चुप होनी चाहिए. नहीं तो तुम घर में चुप बैठो."

घरी बसणं मला परवडणारं नव्हतं. माझं लग्न ठरलं होतं, आणि सासऱ्यांपुढे मी ड्रायव्हरकीचा एवढा थाट मारला होता की त्यांना मिल माझीच वाटत होती.

सायलेन्सरचा डबा नागपूरहून आला. इंजिनापासून डब्यापर्यंतची नळी मात्र कुठेच मिळेना. मिस्त्री म्हणाले, "सरळ नळी आन. तापवून वाकवतो." वाकवताना नळी चेपू नये म्हणून तिच्यात कोरडी रेती ठासतात आणि दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकतात. "तू भरून ठेव, मी जेवून येतो," म्हणून मिस्त्री गेले.

रेती नदीवर. ऊन डोक्यावर. आणि मिलच्या अंगणात डोळ्यांपुढे वाळत घातलेलं धान! कोरडं, खडखडीत, ओतलं की रेतीसारखंच सळसळ जाणारं. वाचकहो, खरं सांगा, तुम्ही नदीवर गेला असता?

मिस्त्री आले. नळी भट्टीत गेली, लाल झाली. आतून तडतड सुरू झाली. मिस्त्रींनी कान दिला. कपाळाला आठ्या पडल्या.

"काऊन बे, रेती कायले बोलून राहिली?"

मी "पळा!" म्हणालो, पण मिस्त्रींच्या आधी मीच पळालो. बूच तोफेसारखं सुटलं आणि पाण्याचा माठ फोडून गेलं. मागोमाग लाह्या! अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या कोळसा. मिस्त्रींच्या टोपीवर, मिशीत, कानात. धडाका ऐकून शेठजी धावत आले. "ये क्या तमाशा है?"

माझी नोकरी त्या क्षणी संपल्यातच जमा होती. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "नवी तऱ्हा करून पाह्यली, शेठजी. चूक माझीच," म्हणाले. शेठजी जाईपर्यंत मान खाली. मग मिशीतली एक लाही काढून तोंडात टाकली.

"मीठ नाही टाकलं बे."

त्यानंतर मी नदीवर असा धावलो, की पुढे स्वतःच्या वरातीत घोड्यावरूनही एवढ्या घाईनं गेलो नाही. रेती आणली, पत्र्यावर भाजली. मिस्त्रींनी मूठभर हातात घेऊन हुंगली, तेव्हाच भरू दिली. शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत नळी बसली.

शनिवारी मिस्त्री स्वतः सोबत आले. "वाटेत सुटली तं?" म्हणून मागच्या रिकाम्या पोत्यांवर बसले. दवनीवाड्यात शिरलो. खळ्यावर बैल फिरत होते. मी जीव मुठीत धरून ट्रक अगदी जवळ नेला. एकाही बैलानं मान वर केली नाही. पाटीलच चकित झाले.

आणि तेवढ्यात बैलांनी कान टवकारले. मागून घरघर येत होती. नळी सुटली असं वाटून मी खाली उडी टाकली. खाली वाकून पाहिलं, नळी जागच्या जागी. पाटलांनी ट्रकच्या मागे डोकावलं. मिस्त्री तोंड उघडं टाकून घोरत होते.

"ड्रायव्हर," पाटील म्हणाले, "याचा सायलेन्सर कोण बसवते?"

दोन वर्षांनी मिस्त्री मुलीकडे बालाघाटला गेले आणि तिकडेच वारले. मला ते फार उशिरा कळलं. त्यांचा फोटो कुणाकडे नाही. मला मात्र ते अजून दिसतात, त्या पोत्यांवर, काळ्या हातांची घडी छातीवर घालून. त्या दिवशी मी त्यांना उठवायला निघालो, तर पाटलांनी माझा दंड धरला.

"निजू दे त्याले," म्हणाले, आणि आपणच बैल सोडून पलीकडच्या खळ्यावर घेऊन गेले.