फ्यूज माझ्या मुठीत होता

मैत्रिणींनो, कन्हेरीला आमची न् धाकट्या जावेची, सुनंदाची, विहीर एकच. पाणी पाळीनं. काल माझ्या पाळीत सुनंदानं गपचूप व्हाल्व आपल्याकडं फिरवला, माझी काकडी माना टाकून बसली.

आज पाळी तिची, मिरचीची रोपं नुकतीच लावल्याली. मी आधीच जाऊन मोटरीचा फ्यूज काढला. म्हणलं, करपू दे.

तिचं तोंड बघाया तिथंच बसले. बुद्धविहारात शिकवत्यात तसं बसल्याबसल्या श्वासाकडं बघितलं. राग काय जाईना. उलट तिची करपल्याली मिरची लय ग्वाड दिसाया लागली. पण एक ध्यानात आलं. सकाळचा चहा मी बिनसाखरेचा प्यायले, अन् रागाच्या तंद्रीत मला कळलंबी न्हाय. काकडी गेली ती गेली, ही बया माझा चहाबी घिऊन गेली.

तेवढ्यात ती आली. "अक्का, मोटरीम्होरं ध्यान लावलंय व्हय?"

"तुझ्याच नावानं लावलंय," म्हणलं अन् फ्यूज बसवला. "पुन्हा व्हाल्वला हात लावलास तर भावकीम्होरं उभी करीन."

माफ केलं न्हाय तिला. फकस्त तिच्यापायी दुसरा चहा नासू दिला न्हाय.

विहारात जाणाऱ्या बायांनो, खरं सांगा, तुमचा राग जातो, का नुसता हात थांबतो?