शेळीनं सोललेला वड

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., तेही बॉटनी. शिकले झाडांचं आणि नोकरी लागली उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत ओतलेला लोखंडी माल तपासायची. त्याची मला लाज नाही. पण कुणी शिक्षण विचारलं की मी विषयासकट सांगते, एवढं खरं.

या सांगण्यापायीच तो वड माझ्या गळ्यात पडला. आमच्या मालकांच्या बायकोला आम्ही सगळे बाई म्हणतो. त्यांनी पंचवीस वर्षं वाढवलेलं बोन्साय होतं ते. उंची हातभर, बुंधा माझ्या मनगटापेक्षा जाड, आणि चपट्या मातीच्या ताटलीत पारंब्या सोडून म्हाताऱ्यासारखा बसलेला. बाई लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने बेंगळुरूला निघाल्या होत्या. त्यांनी मला बंगल्यावर बोलावून घेतलं.

"माळ्याच्या हाती द्यायला माझं मन होत नाही," त्या म्हणाल्या. "तू यातलं शिकलेली आहेस. तुझ्यावर सोडते."

हे वाक्य माळ्यासमोर म्हटलं गेलं. मला ते आवडलं. स्कूटीवर दोन पायांच्या मध्ये वड ठेवून मी खानापूर रोडनं बैलगाडीच्या चालीनं गावी आले. जेवताना वडलांना, आप्पांना, बोन्साय म्हणजे काय ते समजावलं. मुळं का छाटतात, पाणी किती घालायचं, सगळं. आप्पा चौथी शिकलेले. आयुष्यभर त्यांनी आंब्याची कलमं बांधली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग ह्याची सावली कुणाला?"

आई त्या दिवशी घरी नव्हती. निपाणीकडं माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर ती परत आली, आणि आप्पा शेतात. गोठ्याच्या कट्ट्यावर मी उन्हाला ठेवलेला वड काय आहे, कुणाचा आहे, हे तिला सांगणारं घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी आले तर गोठ्याच्या कट्ट्यावर ताटली होती आणि ताटलीत एक खुंट होता. पान एकही नाही. बुंध्याची साल अर्ध्याहून जास्त सोललेली, आत पांढरं लाकूड. शेजारी शेळी डोळे मिटून रवंथ करत होती.

"आई, हे काय झालं?"

"तुलाच इचारणार हुते," आई म्हणाली. "शेळीला वडाचा डहाळा आणलीस ते बरं केलीस. पर एवढ्याशा डहाळ्यानं काय व्हतंय तिला? आनी ताटात कशाला वाढायचं? पाव्हणी हाय व्हय ती?"

आमच्याकडं शेळीला वड म्हणजे पंचपक्वान्न. आईचं काही चुकलं नव्हतं. तिनं नुसती दोरी सैल केली होती.

मी ताटली उचलून बुंधा चहूकडून बघितला. सालीचं पुरं गोल कडं निघालं की झाड मरतं, हा प्रयोग मी परीक्षेत आकृती काढून लिहिला होता. इथं दोन बोटं रुंदीची साल शिल्लक होती. तेवढ्यावर पंचवीस वर्षं टेकली होती, आणि माझी डिग्रीपण.

शहाण्या माणसानं बाईंना फोन केला असता. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात मिस्त्रींकडं गेले आणि पुट्टी मागितली.

आता हे सांगायला हवं. ओतताना लोखंडात हवा अडकली की मालात भोक राहतं. काही लोक त्यात लोखंडी पुट्टी भरतात, घासतात, वरून रंग मारतात. असा माल शोधून परत पाठवायचा, हेच माझं काम. मी नखानं टकटक करून ओळखते. मिस्त्रींनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मॅडम, तुमीच मागताय व्हय पुट्टी? आज सूर्य खानापुरास्नं उगवला म्हणायचा."

"घरकामाला पाहिजे," मी म्हटलं.

"व्हय, सगळे तसंच सांगत्यात."

पुट्टीत काथ आणि चुलीतली राख मिसळून मी सालीचा रंग जमवला. जखम भरली, घासली, काडीनं वर सालीसारख्या रेघा ओढल्या. खरंच सांगते, काम झकास झालं होतं. माझ्या टेबलावर आलं असतं तर क्षणभर फसले असते.

आप्पा आले, ताटलीजवळ उकिडवे बसले आणि बुंध्यावर नखानं टकटक केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "रोज जेवताना सांगतीस, पुट्टीचा माल परत धाडते म्हणून. ह्यो कुठं धाडायचा गं आक्का?"

मी नखातली पुट्टी कोरू लागले.

"आत पाणी मुरंल, कुजंल. वरनं दिसायचं न्हाय. जखमंला झाकत न्हाईत, साफ करत्यात."

आईची माहेरची सुरी होती, तंबाखूचे शेंडे खुडायची, पात्यासारख्या धारेची. आप्पांनी पुट्टी उचकटून काढली. जखमेच्या दातऱ्या कडा कापून ओल्या हिरव्या थरापर्यंत नेल्या. वर आणि खाली टोक काढलं, होडीसारखा आकार केला, म्हणजे पाणी थांबत नाही. चीक गळायचा थांबल्यावर कडेनं शेण आणि तांबडी माती लावली. या हिरव्या थराचं शास्त्रीय नाव मी त्यांना सांगितलं. "असंल," ते म्हणाले.

शेळी आता परसात लांब बांधली जायची. रोज सकाळी मी वड बघायची आणि आई मला बघायची. "देव्हाऱ्यापुढं कधी एवढी बसली न्हाईस," ती म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात पालवी फुटली. मग जखमेच्या कडेनं सालीची ओठासारखी घडी येऊ लागली. आप्पांनी एकदा बोट फिरवून बघितलं आणि शेताला गेले.

दोन महिन्यांनी मी वड घेऊन बंगल्यावर गेले. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. बाईंनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पानं किती लहान आणि दाट आलीत. लहान यावीत म्हणून मुद्दाम सगळी जुनी पानं उतरवलीस ना? मला इतकी वर्षं धाडस झालं नाही."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. पाठ केलेली प्रत्येक सबब याहून कच्ची होती आणि हे तर आयतं मिळालं होतं. तेवढ्यात त्यांनी ताटली फिरवली आणि जखम समोर आली. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. माळी लांबून बघत होता.

मी सगळं सांगितलं. शेळी, आई, पुट्टी, आप्पा. पुट्टीचं तेवढं माळ्याला ऐकू जाणार नाही असं सांगितलं. बाई जखमेच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. रागावल्या होत्या, ते दिसत होतं. मग म्हणाल्या, "इतकी स्वच्छ कड मला कधी जमली नाही. कुठं शिकले ते?"

"कुठं नाही. चौथी झालीय."

त्यांनी जखम पुढं येईल अशी ताटली ठेवली. "आता हीच याची समोरची बाजू. आणि आप्पांना रविवारी घेऊन ये. माझ्या बोन्साय चिंचेच्या फांद्या वाकवायला तार बांधली होती, तिचे वळ पडलेत."

रविवारी आप्पा धुतलेला सदरा घालून आले. व्हरांड्यात बाईंच्या चार मैत्रिणी आपापल्या कुंड्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, दवाखान्यात पोरं घेऊन बसावं तशा. आप्पा एकेक बुंधा बघत गेले. शेवटी बाईंना म्हणाले, "बाईसाब, खरं सांगू? जमिनीत लावा. सुखानं वाढंल." सगळ्या हसल्या. आप्पा हसले नाहीत.

निघताना बाईंनी मैत्रिणींना ओळख करून दिली. "हे आप्पा. आणि ही त्यांची मुलगी."

"बी.एस्सी., बॉटनी," मी म्हटलं.

कुणी विचारलं नव्हतं.