टोमॅटोचं काळं बूड

गच्चीवर त्या दिवशी मी होते, माझा मुलगा, सून आणि सोसायटीचा चेअरमन. बाकी कोण नाही.

मुलाची कंपनी बंद झाली तेव्हा त्याने आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगवर पाईप लावले. माती नाहीच, नुसतं खताचं पाणी फिरतं, त्यात टोमॅटोची मुळं लोंबतात. चेअरमन म्हणाला होता, पहिली तोडणी बघू, चांगली आली तर गच्ची वापरा, नाहीतर आवरा. मुलाकडे दुसरं काही नव्हतंच.

मध्येच नेहमीचं नायट्रेटचं खत मिळेना. त्याने अमोनियाचं आणलं. म्हणाला, "नत्र ते नत्रच ना!" पानं अशी गर्द हिरवी झाली की सून म्हणाली, "आई, दृष्ट काढा ओ." मीठमोहरी घेऊन मी झाडांची दृष्ट काढली. आम्हाला वाटलं, जोर धरला.

मग फळं खालून काळी पडायला लागली. बूड चपटं, चामड्यासारखं. मुलगा मोबाईलमध्ये बघून म्हणाला, कॅल्शियम कमी पडतंय. म्हणजे चुनाच की. मी पानाचा डबा पुढे केला. "हा घाल रे."

"आई, कॅल्शियम घातलंय मी पाण्यात. अमोनिया जास्त झाला की मुळं ते घेतच नाहीत. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू नायट्रेट करतात. इथे कोण करणार?"

डबा मिटला मी. आमचे मालक, याचे वडील, शेवटी असेच होते. ताट समोर, घास आत जात नव्हता. तेव्हाही मी नुसती बसून होते.

त्याने पाणी बदललं, नायट्रेट शोधून आणलं. पण काळं पडलेलं फळ परत सुधारत नाही. तोवर चेअरमन आलाच.

"काय आजी, टोमॅटो लावलेत की जांभळं?"

सून म्हणाली, "वरनं चांगलेत की ओ."

"वरनं तर आपली लिफ्टपण चांगली आहे." मग जरा खालच्या आवाजात, "मला मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागतं हो. महिनाअखेर मोकळं करा."

मुलगा काळी फळं तोडून बादलीत टाकत राहिला. मी बुडं कापून वरच्या भागाचं सार केलं. कुणी धड जेवलं नाही.

आता झाडांना नवी फळं धरलीत, बोराएवढी. बूड स्वच्छ आहे, मी रोज वाकून बघते. पण ती पिकेपर्यंत गच्ची राहत नाही.

इथे जवळपास कुणाची ऊन येणारी गच्ची असली तर सांगा. पाईप आम्हीच उचलून आणू.