बुचाचा फ्लोट

आमच्या ट्रकने माझं जितकं डोकं खाल्लं तितकं कुठल्या माणसाने खाल्लं नाही. कानडी मुलखात, चामराजपेटेत, आमच्या दारासमोर तो उभा असायचा. लढाईच्या आधीचा, मैलांचा मीटर एकदा पुरा फिरून पुन्हा पहिल्यापासून लागलेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यातून मंड्याचा गूळ बाजारात आणायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मला ते अक्का म्हणायचे. थोरली मीच, धाकटीही मीच.

त्या काळी आमच्याकडे पंपावर उसाच्या मळीचं स्पिरिट मिसळलेलं पेट्रोल मिळायचं. नव्या गाड्यांना ते पचायचं. आमचा म्हातारा मात्र दर पंधरा दिवसांनी रस्त्यात बसायचा. अण्णा म्हणायचे, "आपण गूळ वाहतो नि हा मळी पितो, माजणारच." मला काही हसू यायचं नाही. कारण कार्बोरेटर उघडायचं काम माझं होतं. अण्णांना बारीक स्क्रू दिसत नसत, आणि गॅरेजवाल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

कार्बोरेटरच्या आत पेट्रोलवर तरंगणारा बुचाचा एक तुकडा होता, त्याला फ्लोट म्हणायचे. तो वर आला की पेट्रोल यायचं थांबतं. आमचं बूच पेट्रोल पिऊन जड व्हायचं, बुडायचं, पेट्रोल वाहत राहायचं आणि इंजिन गुदमरायचं. मग मी ते काढायचं, दोन दिवस उन्हात वाळवायचं, वरून लाखेचा हात द्यायचा नि परत बसवायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

लाख मी शेजारच्या आजोबांकडून आणायचे. ते फर्निचरला पॉलिश करत. एकदा मला म्हणाले, "अक्का, मी लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. आणि तू लाख लावून स्पिरिटमध्येच सोडतेस." मी कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं माझी ही हमाली चालली होती.

त्यातच एका सरकारी कारखान्याचं पत्र आलं. बारीक तारा जोडायचं काम, मुलींना घेत होते. सोमवारी सकाळी हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाणार होती. कारखान्याची बस आमच्याच कोपऱ्यावर सात वाजता यायची. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "जा की. मी कुठे नको म्हणतो? ट्रक तेवढा ठीक झाला की जा."

"सरी," म्हटलं, बरं तर. बूच घेऊन मी पितळेची भांडी घडवणाऱ्याकडे गेले आणि त्याच मापाची पोकळ पितळी डबी करून घेतली, सांध्याला पक्का डाख दिलेली. पितळेला ना स्पिरिट बाधतं ना लाख लागते. शुक्रवारी ती बसवली. शनिवारी अण्णा मंड्याला जाऊन आले, वाटेत एकदाही अडले नाहीत. मी हरखून विचारलं, "कसा चालला?"

"चालला," म्हणाले, आणि पाय धुवायला गेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. रविवारी दुपारी मी जेवणाचा डबा घ्यायला बाजारात गेले, घरी ते एकटेच होते.

सोमवारी साडेसहाला मी नवं पातळ नेसून, डबा भरून बाहेर आले, तर ट्रक सुरू होईना. खाली पेट्रोल ठिबकत होतं.

"स्वल्प बघतेस का, अक्का?"

पदर खोचला, झाकण उघडलं. आत बूच. तेच जुनं, लाखेशिवाय बसवलेलं, पेट्रोल पिऊन टम्म झालेलं.

"डबी कुठे आहे?"

"गळत होती." त्यांनी ती खिशातून काढून दिली. मी कानाशी धरून हलवली. गळकी असती तर आत पेट्रोल डुचमळलं असतं. डबी कोरडी ठणठणीत होती.

डोक्यात अशी तिडीक गेली! डबी बसवायला पाच मिनिटं पुरली असती, बसही मिळाली असती. पण मला अण्णांचा अंगठा दिसला. न दिसणारे स्क्रू चाचपडत काढताना पार सोलवटला होता. आज बूच, उद्या प्लग, परवा आणखी काही. या माणसाने हातांची सालटी काढून मला अडवलं असतं, पण तोंडाने एकदाही 'जाऊ नकोस' म्हटलं नसतं. म्हटलं असतं तर मी कडाकडा भांडले असते आणि गेलेही असते. मला त्यांचा राग येत होता, आणि कीवही येत होती. त्या किवेचाच मला जास्त राग आला.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा वाजला. अण्णा मान खाली घालून उभे होते. मी डबी त्यांच्या हातात ठेवली, बूच सोडवलं आणि पायरीवर उन्हात ठेवलं.

"लाख संपलीय," मी म्हणाले. "शेजारून घेऊन या."