बेडकाच्या थेंबाभोवतीचा गोल

परवा मंगळवारी कोल्हापुरात, आमच्या लॅबमध्ये, मी चक्क किंचाळले... आणि तेही सासूबाईंसमोर!

मी बेडकांच्या कातडीवर पीएचडी करतेय. बेडूक सदा ओल्या, गढूळ जागेत राहतो, तरी त्याची कातडी सहसा सडत नाही. तिच्यातून जंतू मारणारी बारीक प्रथिनं पाझरतात, त्यांना पेप्टाइड्स म्हणतात. रीतसर परवानगी काढून बेडूक धरायचा, कातडीवरचा स्राव अलगद टिपायचा आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं.

ऐकायला मस्त... पण प्लेटमध्ये जंतू वाढवून त्यांवर हा स्राव थेंबभर टाकला, तरी कित्येक महिने ते मजेत वाढत होते. सगळं सोडून द्यावं, असं वाटायला लागलं होतं.

मंगळवारी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, कागलहून पायाच्या ड्रेसिंगला आल्या होत्या. शुगरमुळे जखम भरत नाही, औषधं बदलून झाली तरी जंतू हटत नाहीत. दवाखान्याला वेळ होता, म्हणून त्यांना लॅबमध्ये बसवलं आणि आदल्या दिवशीची प्लेट काढली.

सगळीकडे जंतूंचा पिवळट थर... आणि मी थेंब टाकला होता तिथे स्वच्छ गोल!

"काय गं? चावलं का काय?" आत्ती धडपडत उठल्या.

त्यांना सगळं समजावलं. चष्मा पुसून त्यांनी प्लेट पुन्हा पाहिली. "म्हंजे हितलं जंतू बेडकानं मारलं व्हय? मग लाव की माझ्या पायाला!"

माझा आनंद तिथंच विरघळला. म्हटलं, "आत्ती, औषध व्हायला वर्षं लागतील... कदाचित होणारही नाही." बोलता बोलता डोळे भरून आले.

त्यांचा माझ्या पाठीत एक धपाटा. "रडतीस कशाला? मला न्हाय तर न्हाय, कुणाच्या तरी पायाला हुईल की! आता सोडलंस तर बघ."

दवाखान्यात रांगेतल्या प्रत्येकाला सांगत सुटल्या, "आमच्या सुनंनं बेडकाचं औषध काढलंय!" मी मागून "अजून नाही हो, अजून नाही..." पण ऐकतंय कोण? शेवटी मला पेढे आणायला पिटाळलं. आत्ती सोडून सगळ्या रांगेनं खाल्ले.

एरवी पट्टी सुटताना त्या माझा हात गच्च धरतात. परवा दोन्ही हात मोकळे... सिस्टरना तो गोल केवढा होता ते दाखवण्यात गुंग!

हाच प्रयोग आता पुन्हा पुन्हा करून बघायचाय. पण सोडायचा विचार मात्र आत्तींनी कायमचा पळवून लावलाय.