कुब्बर बेटावरचं जेवण

बाणकोटच्या खाडीकाठची हुस्ना लग्न करून कुवेतला आली, ती तिथल्या सालमिया या वस्तीतच रमली. मुलं मोठी होऊन पांगली, तशी ती घरबसल्या डबे करून देऊ लागली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या मधून, समुद्राची एक निळी चिंधी दिसायची. भाकरी थापताना नजर तिकडे गेली, की तव्यावरची करपायची.

तिचे वडील शिडाच्या गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके, होते. कौलं भरून गलबत खाडीत शिरलं की ती धक्क्याकडे धावत सुटायची. पण वर पाय ठेवायची सोय नव्हती. बाई चढली की वारा पडतो, असं खलाशी म्हणायचे. पुढे वडील गेले, गलबतंही गेली. नवरा रियाज शहराबाहेर अम्गऱ्याला इमारती सामानाच्या वखारीत कामाला. त्याला बोट लागायची, म्हणून तो समुद्राच्या वाटेला जात नसे.

डबा घेणाऱ्यांत बँकेतला सुधीर आणि त्याची बायको सुजाता होती. त्यांनी एक जुनी शिडाची होडी घेतली होती. मार्चमधल्या एका शनिवारी कुब्बर बेटावर जायचं ठरलं, आणि सुजाताने हुस्नाकडे तिघांचं जेवण सांगितलं.

"तिसरं कोन?"

"तुम्ही, हुस्नाताई."

हुस्नाने नको नको म्हणून पाहिलं. पण रियाजनेच पहाटे उठून पापलेटं साफ करून दिली, आणि गाडीतून धक्क्यापर्यंत सोडलं.

किनारा मागे पडला, इंजिन बंद झालं, शीड भरलं. आता आवाज उरला तो फक्त होडीखालच्या पाण्याचा. हुस्ना ओढणी घट्ट धरून बसली होती. आणि अर्ध्या वाटेत वारा खरोखरच पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं. हुस्नाचा चेहरा उतरला. तिने खाली मान घालून खलाशांचं म्हणणं सांगून टाकलं.

सुजाता म्हणाली, "मग मी चढले तेव्हाच पडायला हवा होता की."

सुधीर इंजिन लावायला उठला. हुस्नाने त्याला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या जरा, भाऊ."

सुधीर परत जागेवर बसला. पाणी इतकं नितळ, की तळाच्या वाळूवर होडीची सावली दिसत होती आणि तिच्यातून मासे ये-जा करत होते. आपण पाण्यावर आहोत की हवेत, हेच हुस्नाला कळेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग गालावर गार झुळूक लागली आणि शीड हळूच फुगलं.

कुब्बर म्हणजे पांढऱ्या वाळूची एक चकती, मधे चार खुरटी झुडपं. वाळूत चटई अंथरून त्यांनी तळलेली पापलेटं, तांदळाची भाकरी, कांदा आणि गोड सांदणं खाल्ली. जेवण झाल्यावर हुस्ना पाण्याच्या कडेला पाय सोडून बसली. लाटा घोट्याशी येऊन परत जात होत्या. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. वडील शीड उतरवताहेत आणि तिला वर ये म्हणताहेत, असं काहीसं तिला दिसलं. जागी झाली तेव्हा गाल ओले होते, पण मन अगदी हलकं.

परतताना सुधीरने सुकाणू तिच्या हाती दिलं आणि कसं धरायचं ते दाखवलं. होडी जरा वाकडीतिकडी गेली, पण गेली.

रियाज धक्क्यावर वाट पाहत उभा होता. कसं झालं, असं त्याने विचारलं. हुस्ना म्हणाली, "शनवारी आता डबे बंद."